वेळा छापलेली दोन लिटरची बाटली: प्लास्टिक दणकट, सल्ला पातळ

वरून गुलाबी आणि खाली जाता जाता जांभळी होणारी ही दोन लिटरची बाटली सध्या जिकडं तिकडं दिसते. जिममध्ये, बँकेत काउंटरच्या पलीकडं, शाळेत बाईंच्या टेबलावर. आमच्या भिशीत तर चौघींकडं आहे. अंगावर सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर दोन तासांच्या वेळा छापलेल्या आणि प्रत्येक वेळेसमोर एक इंग्रजी शाबासकी. सातला 'गुड मॉर्निंग', मग 'कीप ड्रिंकिंग', दुपारी 'हाफवे देअर', शेवटी 'यू डिड इट'. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्यातल्या बाटल्या ढीगभर नावांनी विकल्या जातात आणि माझं म्हणणं सगळ्यांनाच लागू आहे. माझी मुलानं ऑनलाइन मागवलेली, पाचशे रुपयांच्या आतली. खोक्यात एक क्यूआर कोड येतो, तो स्कॅन केला की पाण्याची आठवण करून देणारं अ‍ॅप फोनवर येतं. म्हणजे परीक्षण दोन वस्तूंचं आहे.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मिरज दवाखान्यांचं गाव, सीमेपलीकडून कर्नाटकातले पेशंटही इथं येतात, त्यामुळं सॅम्पलना तोटा नाही. रक्तातल्या क्षारांचे, म्हणजे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडचे आकडे काढणारं इलेक्ट्रोलाइटचं मशीन माझ्याकडं असतं. सकाळी कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) चालवायचे, ते बसले तरच पेशंटचं सीरम, म्हणजे रक्तातलं वरचं पाणी, लावायचं, आणि आकडा फारच वरखाली आला तर रिपोर्ट छापायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा, हे रोजचं काम. तेव्हा पाण्याच्या बाटलीकडं बघायची माझी नजर जरा वाकडी आहे, सांभाळून घ्या.

बाटली म्हणून वस्तू चांगली आहे. प्लास्टिक जाड. ओट्यावरून फरशीवर पडली तर चरा उठला, तडा गेला नाही. नवी असताना वास येत होता, खायच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर गेला. झाकणाचं बटण दाबलं की टचकन उघडतं आणि वरची छोटी कडी लावली की पिशवीत आडवी पडली तरी थेंब गळत नाही. मिरज-सांगली बसमध्ये उभ्यानं, गर्दीत चेंगरून प्रवास झालाय तिचा, डबा कोरडा राहिला. भरल्यावर सव्वादोन किलोच्या आसपास होते, ते मात्र खांद्याला जाणवतं. सोबतचा पट्टा बारीक आहे, तो खांद्यात रुततो.

तोंड अरुंद आहे. माझा हात आत जात नाही आणि साधा ब्रश तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. स्ट्रॉच्या आतून थोड्याच दिवसांत बुळबुळीत थर धरतो. तिच्यासाठी बारका ब्रश कंपनीनं द्यायला हवा होता, दिलेला नाही. टेस्ट ट्यूब धुवायचा असतो तसला मी सर्जिकलच्या दुकानातून आणला. झाकणातली रबरी रिंग काढून धुवा, तिच्याखाली काळं धरतं आणि बाहेरून काही दिसत नाही. स्ट्रॉ मी शेवटी काढूनच टाकली. भांड्यानं पिताना घोट मोजले जातात. स्ट्रॉ तोंडात असली की माणूस चाळा म्हणून ओढत बसतो, पोटात किती गेलं ते कळतही नाही.

पट्टीची परीक्षा मी लॅबमधल्या मेजरिंग सिलिंडरनं घेतली. (जेवणाच्या सुट्टीत. सरांनी बघितलं, काही बोलले नाहीत.) वरची दोन लिटरची खूण बरोबर आहे. मधल्या खुणांचं काही खरं नाही. हातात धरता यावी म्हणून बाटलीला मध्ये कंबर दिलीय आणि तळाशी ती फुगलेली आहे, पण खुणा सगळ्या सारख्या अंतरावर छापल्यात. त्यामुळं कंबरेपाशी दोन तासांचं पाणी अडीचशे मिलिलिटरच्या आत भरतं आणि तळाशी, पाच ते सातच्या मध्ये, साडेचारशेच्या वर जातं. म्हणजे दुपारच्या कडक उन्हात कमी आणि दिवस कलला की जास्त. थेंब मोजून घ्यायच्या आमच्या पिपेटमध्ये एवढा फरक निघाला असता तर कॅलिब्रेशनवाल्यानं ती कचऱ्यात टाकायला लावली असती.

आता अ‍ॅप. उघडल्यावर वय, वजन, स्त्री की पुरुष आणि व्यायाम किती, एवढं विचारून त्यानं मला २.९ लिटरचं टार्गेट दिलं. बीपीची गोळी चालू आहे का? किडनीचा, हृदयाचा त्रास? दुसरी काही औषधं? काही विचारलं नाही. नोंद करायला फक्त पाण्याच्या ग्लासचं चित्र. चहा कुठं लिहायचा, ताक कुठं, दोन वाट्या आमटी कुठं, मे महिन्यातलं कलिंगड कुठं? दर पाऊण तासानं फोन थेंब पडल्यासारखा 'टप्प' वाजतो. लॅबमध्ये टप्प वाजलं की कुठली नळी गळतेय म्हणून आम्ही सगळे उठून बघायचो, म्हणून आवाज बंद केला. नोंद चुकली की पडद्यावरचं रोपटं मान टाकतं. मग मी मुद्दाम एक खोटी नोंद करून बघितली: एका तासात तीन लिटर. रोपट्याला फूल आलं, पडद्यावर फटाके फुटले आणि 'अमेझिंग' असं लिहून आलं.

माझी खरी तक्रार ही आहे. बाकीचं सगळं ब्रशनं धुऊन निघण्यासारखं.

एका तासात तीन लिटर पाणी ही शाबासकी द्यायची गोष्ट नाही. निरोगी मोठ्या माणसाच्या किडन्या तासाला फार तर पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकतात. त्याहून वेगानं आत गेलं तर ते अंगातच साठतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. पंगत वाढली म्हणून आमटीत पाणी घातलं की ती अळणी लागते, मीठ कुठं गेलेलं नसतं, तसं. सोडियमचा नॉर्मल आकडा १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर. १३५ च्या खाली गेलं की डॉक्टर हायपोनेट्रेमिया म्हणतात, नातेवाईक 'सोडियम उतरलं' म्हणतात. रक्त असं पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं आणि पेशी फुगतात. बोटं फुगली तर अंगठी घट्ट होते, बास. मेंदूला मात्र फुगायला जागा नाही, भोवती कवटी आहे. डोकं दुखतं, मळमळतं, उलट्या होतात, माणूस भलतंच बोलायला लागतो. त्यापुढं झटके आणि बेशुद्धी. सोडियम हळूहळू, आठवड्याभरात उतरलं तर मेंदू थोडंफार जुळवून घेतो. काही तासांत उतरलं तर जीव जाऊ शकतो.

हे घडलेलंही आहे. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात एका रेडिओ स्टेशननं स्पर्धा ठेवली: लघवीला न जाता जो सगळ्यात जास्त पाणी पिईल त्याला व्हिडिओ गेमचं मशीन बक्षीस. आपल्या मुलांसाठी ते जिंकायला आलेली २८ वर्षांची आई डोकं फुटतंय म्हणत घरी गेली आणि त्याच दिवशी तिचा मृत्यू झाला. कार्यक्रम चालू असताना एका श्रोत्या बाईनं, स्वतःला नर्स म्हणवणाऱ्या, फोन करून हे जिवावर बेतू शकतं असं सांगितलं होतं. २००९ मध्ये ज्युरीनं कुटुंबाला सुमारे १ कोटी ६५ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. माझ्या अ‍ॅपमधलं रोपटं त्या स्पर्धेत असतं तर नुसतं फुललं असतं.

आता कुणी म्हणेल, बाई, बाटली दोन लिटरची आहे, बारा तासांत प्यायची आहे, त्यानं काय होतंय? खरंय. नीट जेवणाऱ्या, धडधाकट माणसाला त्यानं काहीही होत नाही, बाथरूमच्या फेऱ्या तेवढ्या वाढतात. बाटलीवरच्या पट्टीप्रमाणं प्यायलेल्या निरोगी माणसाचं सोडियम उतरलेलं सॅम्पल माझ्या मशीनवर मी बघितलेलं नाही. अडचण अशी की बाटली फक्त धडधाकट माणसं विकत घेत नाहीत. उलट तब्येतीची काळजी ज्यांना असते तीच घेतात, आणि काळजी असते त्यांच्या घरात औषधांचा डबा असतो.

अंगात पाणी किती ठेवायचं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येणारं एडीएच नावाचं हार्मोन ठरवतं. ते वाढलं की किडनी पाणी धरून ठेवते, घटलं की सोडून देते. तुम्ही तहानेपेक्षा जास्त प्यायलात की ते खाली जायला हवं आणि पातळ लघवी व्हायला हवी. पण ऑपरेशननंतरचं दुखणं, सतत मळमळ, न्यूमोनिया, डिप्रेशनच्या काही गोळ्या, फिटसाठी दिलं जाणारं कार्बामॅझेपिन, या सगळ्यांत हे हार्मोन पाणी जास्त असूनही खाली यायचं नाव घेत नाही. मग साध्या माणसाला न बाधणारं पाणी बाधतं. आणि बीपीच्या गोळ्यांचा एक गट आहे, लघवी वाढवणारा: हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन. बऱ्याचदा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतो आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड असलं तर गोळीच्या नावापुढं बहुधा 'एच' लागतो. गोळी चांगली आहे, लाखो लोक घेतात, तुमच्या मनानं बंद करू नका. पण ती लघवीतून सोडियम घालवते आणि लघवी पातळ करायची किडनीची ताकद कमी करते. वय जास्त, अंगकाठी बारीक, त्यात बाई, तर धोका आणखी वाढतो. म्हणजे आमच्या अर्ध्या भिशीचंच वर्णन.

त्यात भर डाएटची. हे लोकांना सांगितलं की खोटं वाटतं. किडनी नुसतं पाणी बाहेर टाकू शकत नाही. लघवीच्या प्रत्येक लिटरबरोबर थोडे तरी क्षार आणि युरिया जावेच लागतात, आणि ते येतात जेवणातल्या मिठातून आणि डाळ-अंड्यांसारख्या प्रोटीनमधून. दोन वेळ पोटभर भाजी-भाकरी-आमटी खाणाऱ्याला दिवसाला दहा-बारा लिटर पाणीसुद्धा बाहेर टाकता येतं. तोच माणूस चहा-बिस्किट, पेज आणि सूप यांवर आला की मर्यादा चार लिटरच्या आसपास येते. म्हाताऱ्या माणसांत दातांमुळं, एकटेपणामुळं हे खाणं होतं. तरुण मुलींत वजन उतरवायच्या नादानं. दोघांनाही वरून सल्ला एकच मिळतो, पाणी भरपूर प्या.

भिशीतल्या एकीचं हेच झालं. तिच्याकडं माझ्यापेक्षा मोठी, गॅलनची, म्हणजे पावणेचार लिटरची बाटली आहे. बीपीची 'एच'वाली गोळी. वजन उतरवायचं म्हणून भात बंद, भाकरी अर्धी, मीठ जवळजवळ बंद. उन्हाळ्यात डोकं जड, पायात गोळे, चालताना झोक जायला लागला. घरच्यांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी लिंबूपाणी, तेही बिनमिठाचं. "काय वो, सारखं पाणी पितीय तरी तोंडाला कोरड कशी?" असं तीच मला विचारत होती. रक्त दिलं तर सोडियम १२४.

असला आकडा आला की पहिला संशय सॅम्पलवर घ्यायचा, हा आमचा धर्म. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त काढलं तर बाटलीतलं औषध मिसळतं आणि पेशंट मशीनवर मरणाच्या दारात दिसतो. ग्लुकोजचं सलाईन असेल तर सोडियम एकदम खाली आणि शुगर आभाळाला. आमच्याकडं नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. हिला सलाईन नव्हतंच. पुन्हा लावलं, तेच आलं. डॉक्टरांना फोन गेला, त्यांनी दाखल करून घेतलं, गोळी बदलली, पाण्यावर बंधन घातलं. थोड्या दिवसांत १३५ पार झालं आणि चालही सरळ झाली. गॅलनची बाटली आता त्यांच्या गच्चीत मनीप्लँटला लागली आहे.

इथं नातेवाईकांचा एक घोटाळा नेहमी होतो. सोडियम कमी आलं म्हणजे मीठ कमी पडलं असं धरून आजोबांना मिठाचं पाणी पाजतात, पापड-लोणची चालू करतात. पुष्कळ वेळा मीठ तेवढंच असतं, पाणी जास्त झालेलं असतं, आणि उपाय म्हणजे पाणी मोजून देणं. गंभीर असेल तर दवाखान्यात ३ टक्क्यांचं मिठाचं सलाईन अगदी थोडं थोडं देतात. तेही घाईनं नाही. बरेच दिवस खाली राहिलेलं सोडियम २४ तासांत साधारण ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त चढवायचं नसतं, नाहीतर मेंदूतल्या मज्जातंतूंवरच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून अशा पेशंटचं सॅम्पल आमच्याकडं दर काही तासांनी येत राहतं, रात्री दोनलासुद्धा. पाजणारे पाजून मोकळे होतात, मोजणारे जागे.

बाटलीच्या जाहिरातीत धावणारा माणूस दाखवलाय, म्हणून धावणाऱ्यांबद्दल. लॅबमधला आमचा एक पोरगा साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावतो, यवतेश्वरचा घाट चढून परत खाली. त्याला मी एवढंच सांगितलं की वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी थांबायला तू टोलनाक्यावरची गाडी नाहीस. धावताना एडीएच वाढलेलं असतं, त्यामुळं किडन्या नेहमीच्या वेगानं काम करत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये (आपल्याकडची कितीतरी मराठी मंडळी दरवर्षी ती धावायला जातात) १९८१ मध्ये असा, जास्त पाण्यानं सोडियम उतरलेला पेशंट पहिल्यांदा डॉक्टरांच्या लक्षात आला. पुढं टिम नोक्स या तिथल्याच डॉक्टरांनी हा विषय लावून धरला. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं. सगळ्यात ठळक खूण काय सापडली? शर्यतीत वजन वाढणं. तीन-चार तास घाम गाळून वजन वाढतं म्हणजे गेलेल्या घामापेक्षा जास्त पाणी आत गेलंय, दुसरं काय? संथ धावणारे यात जास्त सापडतात, कारण त्यांना प्यायला वेळ भरपूर मिळतो. रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकनं सुटका होत नाही. त्यातलं सोडियम रक्तापेक्षा कितीतरी पातळ असतं, तेही अति झालं की पाण्यासारखंच वागतं. २०१५ मध्ये या विषयातले तज्ज्ञ कॅलिफोर्नियात जमले आणि सल्ला काय दिला, तर तहान लागेल तेवढं प्या. आमची आजी फुकटात सांगायची.

शर्यतीत कुणी गोंधळल्यासारखं बोलत असेल, उलट्या करत असेल, हातपाय फुगलेले दिसत असतील तर 'डिहायड्रेशन झालंय' म्हणून त्याच्या तोंडाला बाटली लावू नका. आधी डॉक्टरकडं न्या. पाणी कमी पडणं आणि जास्त होणं, दोन्हींची लक्षणं सारखी दिसतात आणि उपचार मात्र एकमेकांच्या उलट.

मग हे दोन लिटर, आठ ग्लास आले कुठून? अमेरिकेतल्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डानं १९४५ मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं. तिथंच पुढं म्हटलं होतं की यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं, पुढचं सोडलं, असा बऱ्याच जणांचा तर्क आहे. २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या किडनीच्या अभ्यासकानं जुने कागद धुंडाळून सांगितलं की निरोगी माणसानं आठ ग्लास पाणी प्यायलाच पाहिजे याला आधार सापडत नाही. २००४ मध्ये तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं बाईला २.७ आणि पुरुषाला ३.७ लिटर असे आकडे दिले, पण ते अन्न, चहा, दूध, सगळं धरून. आपल्या ताटात तर भात आहे, वरण आहे, ताक आहे. भाकरीसुद्धा कोरडी म्हणतो ती उगीच, पीठ मळताना पाणी घातलेलंच असतं. अ‍ॅपला यातलं काही दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'जपानी वॉटर थेरपी'लाही नाही, जिच्यापायी आमच्या शेजारचे काका सकाळी उठल्या उठल्या चार ग्लास घशाखाली ओतून बाथरूमच्या दाराशी रांग लावतात.

तहान ही फार जुनी आणि चोख सोय आहे. रक्त दोन टक्क्यांच्या आसपास घट्ट झालं की तहान लागते, म्हणजे काही बिघडायच्या बऱ्याच आधी. 'तहान लागली म्हणजे उशीर झाला' हे वाक्य बाटलीच्या खोक्यावर छापलंय, ते निरोगी माणसाच्या बाबतीत खरं नाही. म्हाताऱ्या माणसांची तहान मंदावते, हे खरं. त्यांना विचारून पाणी द्यावंच लागतं. पण त्यांनाच गोळ्याही जास्त असतात, म्हणून किती ते डॉक्टरला विचारून. घड्याळ लावून नाही.

लघवीचा रंग बघा असंही सांगतात. फिकट पिवळी बरी. पाण्यासारखी पांढरी स्वच्छ हवी हा मात्र जिमवाल्यांचा गैरसमज. लॅबमध्ये अशी पाण्यासारखी लघवी आली की आम्ही कपाळाला हात लावतो. लघवीत बुडवायच्या चाचणीच्या पट्टीवर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवीचा दाटपणा, १.००५ च्या आत, प्रोटीन कमी दिसतं, आणि गरोदरपणाची चाचणी असेल तर असून नाही असा रिपोर्ट येऊ शकतो. सकाळची पहिली लघवी आणा असं सांगतो ते त्यासाठीच. तरी 'सॅम्पल पुरायला पाहिजे' म्हणून वाटेत अख्खी बाटली पिऊन येणारे रोज भेटतात.

मग ही बाटली घ्यावी कुणी? मुतखडा झालेल्यांनी जरूर घ्यावी. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी असं त्यांना डॉक्टरच सांगतात, आणि तेवढं पाणी आपसूक पोटात जात नाही, मोजूनच जातं. ज्या बायकांना लघवीचं इन्फेक्शन वरचेवर होतं आणि पाणी मुळात कमी असतं त्यांनाही फायदा. अशा बायकांना रोज दीड लिटर जास्त पाजून केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात इन्फेक्शनं कमी झाली. उन्हात काम करणाऱ्यांना पाणी हवंच हवं, पण ऊसतोडीच्या फडात गुलाबी बाटली घेऊन कोण जातंय? तिथं स्टीलची कळशी आणि चटणी-भाकरीतलं मीठ जास्त कामाचं.

आणि ज्या बायका खरंच पाणी कमी पितात, त्यांना आठवण राहत नाही म्हणून पीत नाहीत असं अ‍ॅप बनवणाऱ्यांना वाटत असेल, तर त्यांनी एकदा आमच्या स्टँडवरचं स्वच्छतागृह बघून जावं. बाजारात बसणारी बाई, ट्रॅफिकची पोलीस, खेड्यातल्या शाळेतली शिक्षिका घोटभर पाणी पिताना आधी 'जायचं कुठं?' याचा हिशेब करते. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांना मोफत, स्वच्छ मुतारी मिळावी यासाठी चळवळ चालली ती याच हिशेबासाठी. तिथं रोपट्याचं चित्र काय करणार.

हृदय कमकुवत असलेल्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी, लिव्हरमुळं पोटात पाणी होणाऱ्यांनी ही बाटली घेऊ नये. त्यांना दिवसाचं पाणी डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं, पुष्कळदा लिटर-दीड लिटरच. सायझोफ्रेनियाच्या काही पेशंटना नळाशी उभं राहून पाणी पीत राहायची सवय लागते. त्या घरात तर वेळा छापलेली बाटली आणूच नका. लहान मुलांची एक लिटरची आवृत्तीही ही बाटली मिळते त्याच साइटवर दिसते, कार्टून छापलेली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरचं पाणी द्यायचं नसतं, उन्हाळा असला तरी. त्याच्या किडन्या अजून तेवढ्या तयार नसतात आणि पोटही एवढंसं.

तारे द्यायचेच तर बाटलीला चार. एक तारा स्ट्रॉ आणि अरुंद तोंडासाठी कापला. पट्टीला एक, वरची खूण बरोबर आहे म्हणून. अ‍ॅपला काही नाही, ते मी काढून टाकलं. बाटली वापरते. लॅबमध्ये भरून ठेवते, तहान लागली की पिते, कधी संध्याकाळी निम्मी उरते, कधी मे महिन्यात परत भरावी लागते. वेळा झाकायला काळी इन्सुलेशन टेप उभी चिकटवली आहे, ती धुतानाही निघत नाही. छपाई नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसायला जाऊ नका, त्यातल्या अ‍ॅसिटोननं प्लास्टिक पांढरट पडतं. एवढा उपद्व्याप नको असेल तर अशीच बाटली बिनछपाईची, सांगलीत मारुती रोडला भांड्यांच्या दुकानात ऑनलाइनपेक्षा स्वस्त मिळते आणि तिचं तोंडही जरा रुंद आहे.